तांबडा दिवा लागलेला असताना

‘चकचक’ची जाहिरात लागली की ऋतुजा सरनोबत नाक दाबून धरायची. स्वतःच्या घरी तिने टीव्ही ठेवलाच नव्हता. पण कोल्हापुरात टीव्ही नसलेली जागा आता उरली होती कुठे?

त्या दिवशी ती दाताच्या डॉक्टरांकडे बसली होती. भिंतीवरच्या पडद्यावर बातम्या संपल्या, खालच्या पेटीतून बारीक सुस्कारा आला आणि खोलीभर वास पसरला. तेलात लाल होत आलेला कांदा, ठेचलेला लसूण, ब्याडगी मिरची आणि या सगळ्यांच्या मागे, हळूच येऊन उभं राहिल्यासारखं, किंचित करपलेलं सुकं खोबरं.

शेजारच्या आजोबांनी डोळे मिटले. “आहाहा! आत्ताच डंकावरनं चटणी कुटून आणल्यागत वाटतंय बघा.”

पडद्यावर एक सून हसत हसत फरशी पुसू लागली. ‘एकच फेरी, फरशी न्यारी, चकचक चकचक घर भारी!’ आजोबाही मान डोलवत गुणगुणू लागले. ऋतुजा उठली आणि दुखता दात तसाच घेऊन बाहेर पडली.

ते करपलेलं खोबरं तिच्या आईचं होतं.

हे नीट कळायला आधी वासाची गोष्ट समजून घ्यायला हवी. आपण काही बघतो, ऐकतो, तेव्हा त्याचा निरोप मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका चौकीवर थांबतो. तिथे त्याची विचारपूस होते आणि मग त्याला आत सोडतात. वासाला मात्र ही चौकी लागत नाही. तो घरच्या माणसासारखा परसदारातून थेट आत शिरतो, आणि आत लगेचच दोन खोल्या आहेत: एक भावनांची, एक आठवणींची. म्हणून ओल्या खडूच्या वासाबरोबर शाळेचा अख्खा वर्ग उभा राहतो, तसा फोटो बघून राहत नाही.

शास्त्रज्ञांनी आधी वास पकडायचं यंत्र केलं. एखाद्या वासात कोणकोणते रेणू किती प्रमाणात आहेत, हे ते टिपून ठेवी. मग टीव्हीखाली बसणारी गंधपेटी आली. तिच्यात मूळ वासांच्या बारीक कुप्या असत. पेटीवादक जसे चार सूर एकदम दाबून त्यांचा मेळ काढतो, तसे त्या कुप्यांमधून थेंब थेंब मिसळून हवा तो वास तयार होई. जाहिरात बनवणाऱ्यांच्या हाती हे लागलं आणि चित्रं, गाणी, नट, सगळं दुय्यम झालं. टीव्हीच्या जाहिरातीत वास बांधणारा गंधकार हा नवा कारागीर जन्माला आला. ऋतुजा ही त्यातली पहिल्या फळीतली.

तिला हे काम शिकवलं प्रणव चौगुलेने. गंधजाहिरातींचा दिग्दर्शक म्हणून त्याचं नाव मुंबईपर्यंत गाजत होतं, आणि “चौगुल्याचं नाक” हा धंद्यात कौतुकाचा शब्द झाला होता. ती त्याच्याकडे शिकत असतानाच तिची आई गेली. मागे राहिली आईने कुटून आणलेली कांदा-लसूण चटणीची शेवटची बरणी. कोल्हापुरात प्रत्येक घराची चटणी वेगळी असते. आई खोबरं सगळ्यात शेवटी, तवा उतरवल्यावर राहिलेल्या तापावर भाजायची आणि दर वर्षी ते थोडं करपायचंच. बरणी उघडली की आई पाठीशी येऊन उभी राहायची. पण उघडावी तशी ती विरळ होत चालली होती. म्हणून ऋतुजाने ऑफिसमधल्या यंत्रावर, ज्याला सगळे लाडाने ‘नाकाडं’ म्हणत, तो वास टिपून ठेवला. स्वतःसाठी.

चौगुलेला तो यंत्रात सापडला. त्याने तो दहा-वीस माणसांना देऊन पाहिला. हुंगणाऱ्याच्या मेंदूतली हालचाल दाखवणाऱ्या पडद्यावरच्या रेषा अशा काही उसळल्या की त्याने पुन्हा पुन्हा तपासलं. तेव्हा त्याच्याकडे ‘चकचक’चं काम अडून पडलं होतं, फरशी पुसायच्या औषधाचा वास आला की लोकांना दवाखाना आठवायचा. त्याने तिथे ही चटणी घातली.

“सर, ती माझी आई आहे,” ऋतुजा म्हणाली होती.

“अगं, वास तो वास. ऑफिसच्या नाकाड्यावर घेतलास, म्हणजे ऑफिसचा झाला. अख्ख्या महाराष्ट्राला घर आठवतंय तुझ्यामुळे! पेढे वाट की.”

तिने पेढे वाटले नाहीत. नोकरी सोडली.

आठवणीचं एक वैशिष्ट्य आहे. आपल्याला वाटतं, ती फोटोसारखी मेंदूत चिकटलेली असते. तसं नसतं. आठवण म्हणजे कपाटातली साडी. प्रत्येक वेळी ती काढायची, उलगडायची आणि पुन्हा घडी घालून ठेवायची. घडी दर वेळी थोडी वेगळी पडते आणि घालताना जे काही आसपास असेल, ते तिच्यात गुंडाळलं जातं. ऋतुजाच्या साडीत ‘चकचक’ गुंडाळलं गेलं. रस्त्यात, दुकानात, लग्नाच्या हॉलमध्ये, वास आला की गाणं आणि गाण्याबरोबर ती हसरी सून. एका संध्याकाळी तिने घरची बरणी उघडली, तर पाठीशी कुणी आलंच नाही. डोक्यात फक्त फडकं फिरलं.

आई पहिल्यांदा दवाखान्यात गेली होती. दुसऱ्यांदा ती टीव्हीवर गेली.

म्हणूनच काही वर्षांनी चौगुलेचा फोन आला, तेव्हा ऋतुजाने तो पटकन उचलला.

“काय ऋतू, राग गेला का नाही अजून? मोठं काम आहे. चुलाण मसाले. बाईंना तूच पाहिजेस म्हणे.”

“येते सर,” ती म्हणाली. आवाज इतका गोड निघाला, की तिचं तिलाच नवल वाटलं.

चुलाण मसाल्यांच्या मालकीण मेघना वणकुद्रे थेट मुद्द्यावर येणाऱ्या बाई होत्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी विचारलं, “मला जाहिरातीतलं ओ की ठो कळत नाही. गंधजाहिरात करायची तर आमच्यासारख्यांनी काय लक्षात ठेवायचं, ते आधी सांगा.”

चौगुलेने हात पसरला. “ऋतू सांगेल. माझीच शिष्या आहे.”

“एक म्हणजे, वास चित्राच्या आधी सोडायचा,” ऋतुजा म्हणाली. “नाकाला वेळ लागतो. दुसरं, जाहिरात सारखी दाखवायची नाही. नाक लवकर कंटाळतं. अगरबत्ती लावणाऱ्याला थोड्या वेळाने तिचा वास येईनासा होतो, तसं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वासाबरोबर तुम्ही जे दाखवाल ते कायमचं चिकटेल. म्हणून वास चालू असताना समोर एकही रडका चेहरा नको. भांडण नको. सेटवरसुद्धा.”

“सेटवर का? तिथे कोण बघतंय?”

“आम्ही असतो ना. एका सेटवर बासुंदीचा वास चालू असताना मारामारी झाली. त्यातला कॅमेरामन अजून बासुंदीला शिवत नाही. तेव्हापासून गंधपेटी चालू असली की तांबडा दिवा लावतो. दिवा लागला की कुणी आवाज चढवायचा नाही, शिवी द्यायची नाही, वाईट बातमीचा फोनही घ्यायचा नाही. दिवा लावायचं आणि बंद करायचं काम गंधकाराचं.”

“म्हणजे दिवा लागल्यावर आपले चौगुलेसुद्धा गप्प बसतात?”

“बाई, तेव्हाच तर मी माणसात असतो,” चौगुले म्हणाला आणि सगळे हसले. ऋतुजाही हसली.

चौगुलेची एक जुनी रीत होती. कुठल्याही शूटिंगच्या पहिल्या दिवशी नारळ फुटायच्या आधी तो खिशातून एक घट्ट झाकणाची पितळी डबी काढायचा. तिच्यात काळ्या घोंगडीचा तुकडा होता. त्याच्या वडिलांचं भोगावतीकाठी गुऱ्हाळ होतं. गुळाची वाफ, चुलाणातली जळती चिपाडं आणि थंडीतला घाम त्या घोंगडीत मुरला होता. चौगुले डबी नाकाशी धरायचा, डोळे मिटून खोल श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, “बाबा आले.” मग ती डबी जाहिरात देणाऱ्या पाहुण्यापुढे धरायचा. त्यानंतरच नारळ.

चाचणीच्या शूटिंगला डबी टेबलावर उघडी असताना ऋतुजाने बाजूला नाकाडं चालू ठेवलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तिचा हिशेब सरळ होता. त्याने तिची आई फरशीवर पसरली होती. ती त्याचे वडील त्याहून खाली नेऊन ठेवणार होती.

एका छोट्या कंपनीला ‘सुखसकाळ’ चूर्णाची जाहिरात हवी होती, पोट साफ होण्यासाठी. ऋतुजाने ती नाममात्र पैशात करून दिली. पोट धरून वाकलेला माणूस, मग उघडणारं संडासाचं दार, मग सुटकेचं हसू. आणि या सगळ्याभोवती गुळाची वाफ, चिपाडांचा धूर, ओली घोंगडी. गाणं तिनेच सुचवलं: ‘रात्री चमचा, सकाळी सुटका!’ कंपनीचे लोक खूश झाले. जाहिरात दर बातम्यांच्या आधी लागू लागली.

मग ती वाट बघू लागली. चौगुले कधी ढासळतो, ते तिला समोर बसून बघायचं होतं.

स्टुडिओच्या कँटीनमध्ये तो मिसळ खात असताना जाहिरात लागली. पेटीने सुस्कारा टाकला. ऋतुजाचा घास हातातच राहिला. चौगुलेने पाव मोडला, कटात बुडवला आणि भरल्या तोंडाने म्हणाला, “रात्री चमचा, सकाळी सुटका! भारी लिहिलंय. कुणी केलंय गं हे?”

“सर, वास कसला वाटतो?”

“चूर्णाचा. दुसरा कशाचा असणार?”

तिने त्याच्याकडे टक लावून बघितलं. तो नाटक करत नव्हता. तेवढ्यात आत दूध उतू जाऊन करपलं. सगळे नाकं मुरडत खिडक्या उघडायला धावले. चौगुले पाव मोडत राहिला आणि मग, इतरांकडे बघून, घाईघाईने त्यानेही नाक मुरडलं.

तिला सगळं कळलं. तापाच्या कुठल्यातरी साथीत माणसाचं नाक कायमचं जातं, हे काही नवीन नव्हतं. चौगुलेचं नाक गेलं होतं. किती वर्षांपूर्वी, कोण जाणे. तो रेषा बघून वास निवडत होता आणि इतरांचे चेहरे बघून स्वतःचा चेहरा बदलत होता. ‘चकचक’मध्ये आपण काय घातलं, हे त्याने कधी हुंगलंच नव्हतं. ज्याच्या घरात काही उरलेलंच नाही, तिथे ती दरोडा घालायला गेली होती. तिला इतका संताप आला, की तिने पाण्याचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी चौगुलेने तिला आपल्या घरी पाठवलं. मुहूर्ताचा नारळ त्याच्या आई, काकू, फोडणार होत्या आणि कोणतं लुगडं नेसायचं, हे ऋतुजाला विचारूनच ठरवणार होत्या. शिकत असताना ऋतुजा त्यांच्याकडे कितीतरी वेळा जेवली होती.

“ये बाळ, बस. च्या घेतीस न्हवं?” काकू टीव्हीसमोर बसल्या होत्या. पडद्याचा आवाज बंद होता. “लुगडं ऱ्हाऊ दे. आधी मला एक सांग. त्या चूर्णाच्या जाहिरातीत ह्यांचा वास कसा आला गं?”

ऋतुजाने हातातली बशी खाली ठेवली. “कुणाचा, काकू?”

“ह्यांचा. पयल्यांदा आला तवा मी दारात जाऊन बघितलं. खरंच. मग रोज वाट बघत बसायची. पर आता…” काकूंनी पदराने तोंड पुसलं. “आता वास आला की ते संडासाचं दारच दिसतंय. हे येतच न्हाईत.”

बशीतला चहा गार झाला.

“पणूला म्हटलं, अरे हा तुझ्या बाबांचा वास. तर म्हणतो, असेल की. असेल की!” काकू थांबल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, “त्याला वास येत न्हाई न्हवं? भाजी आंबली तरी खातंय. मी आई हाय, मला कळतंय. तुला बी कळलंय, तुझ्या तोंडावरनं दिसतंय.”

“हो काकू.”

“कुणाला सांगू नगंस बाळ. त्याचं पोट त्या नाकावर हाय. माझ्या गळ्याची आण.” त्यांनी ऋतुजाचा हात दोन्ही हातांत धरला.

“नाही सांगणार,” ऋतुजा म्हणाली.

बाहेर येऊन तिने चूर्ण कंपनीला फोन केला आणि वास उग्र झालाय, लोक कंटाळतील, असं सांगून तो बदलायला लावला. रिक्षात बसल्यावर तिला वाटलं, आता सोडून द्यावं सगळं. त्याच वेळी रिक्षाच्या छोट्या पडद्यावर ‘चकचक’ लागलं. करपलेलं खोबरं, आणि हसरी सून.

सांगणार नाही, असं तिने कबूल केलं होतं. दाखवणार नाही, असं नाही. घरी जाऊन तिने सडक्या कांद्याच्या पाण्यात काळ्या लोकरीचा तुकडा भिजत घातला.

मुहूर्ताचा सेट सकाळी लवकरच सजला होता. मधोमध चूल, पितळी पातेली, मिरच्यांचे ढीग. गंधपेटीची शेवटची चाचणी चालू होती. चुलाणसाठी ऋतुजाने नव्याने बांधलेली चटणी सेटभर दरवळत होती, आणि खोबरं करपवल्याशिवाय तिला चटणी बांधताच येत नव्हती. तिचं लक्ष टेबलावर होतं. कुणी बघत नाही असं पाहून तिने डबीतला तुकडा बदलला आणि खरा तुकडा एका कुपीत घालून खिशात टाकला.

काकू हिरवं लुगडं नेसून, हातात नारळ घेऊन उभ्या होत्या. चौगुले पुढे आला. सगळे गप्प झाले.

त्याने डबी उघडली, नाकाशी धरली, डोळे मिटले आणि छाती भरून श्वास घेतला. जवळ उभा असलेला कॅमेरामन दोन पावलं मागे सरकला.

“बाबा आले,” चौगुले म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर तृप्ती होती. “घ्या बाई. आमच्या बाबांचा आशीर्वाद.”

वणकुद्रेबाई वाकल्या आणि पदर तोंडाशी धरून झटक्यात मागे झाल्या. “शी! काय आहे हे?”

चौगुले हसला. “घोंगडी आहे ना. पहिल्यांदा उग्र वाटते. सवय झाली की—” त्याने पुन्हा एकदा हुंगून दाखवलं. आणखी खोल.

कुणीतरी खोकलं. कुणीतरी मागच्या मागे बाहेर पळालं. चौगुलेने एकेक चेहरा बघितला. चेहरे वाचूनच तर तो इतकी वर्षं जगला होता. हे चेहरेही त्याने वाचले आणि त्याचा हात हळूहळू खाली आला.

“चौगुले,” वणकुद्रेबाई म्हणाल्या, “तुम्हाला वास येत नाही?”

भर उजेडात उभं राहून तो डबीचं झाकण लावत होता आणि ते लागत नव्हतं.

हा क्षण ऋतुजाने कितीदा तरी मनात रंगवला होता. तो रंगवल्यापेक्षा सरस निघाला होता. तिने तो डोळे भरून बघितला.

काकू पुढे झाल्या. त्यांनी मुलाच्या हातातली डबी घेतली, हुंगली आणि झाकण लावून टाकलं. मग त्यांनी मान वर केली. मुलाकडे बघितलं नाही. एका हातात नारळ, एका हातात डबी, अशा त्या सरळ ऋतुजाकडे बघत राहिल्या. ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत.

“आमचं आम्हाला दे बाळ,” त्या म्हणाल्या.

ऋतुजाने खिशातली कुपी काढून दिली. काकूंनी न फोडलेला नारळ चुलीपाशी ठेवला, मुलाच्या दंडाला धरलं आणि त्याला बाहेर घेऊन गेल्या.

पुढचं सगळं ऋतुजाच्या मनासारखं झालं. चौगुलेची कंपनी बसली. नाक नसलेल्या माणसाने केलेल्या जाहिराती नकोत, म्हणून ‘चकचक’वाल्यांनीही आपली जाहिरात काढून घेतली. त्या वासाचे हक्क ऋतुजाने विकत घेतले आणि नाकाड्यातली नोंद कायमची पुसली. चुलाणचं काम वणकुद्रेबाईंनी तिच्याकडेच सोपवलं.

बरेच महिने तिने बरणीला हात लावला नाही. जुनी गाठ सुटायची तर वासाला विसावा द्यावा लागतो, हे तिला माहीत होतं. मग उन्हाळ्यात, डंकावर बायकांची रांग लागली, तेव्हा एका दुपारी तिने बरणी खाली काढली, मांडीवर घेतली आणि झाकण उघडलं.

कांदा, लसूण, मिरची. मागोमाग खोबरं, अगदी पुसट.

ती थांबली. गाणं आलं नाही. ती सून नाही, फडकं नाही. ‘चकचक’ खरोखर पुसलं गेलं होतं. तिने आणखी खोल श्वास घेतला, आणि पाठीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं.

हिरवं लुगडं. एका हातात नारळ, एका हातात पितळी डबी.

तेव्हा तिला आठवलं: सेटवर चटणीची पेटी चालूच होती. तांबडा दिवा लागलेला होता आणि तो बंद करायचं काम तिचं होतं. डबी बदलायच्या घाईत ती तेवढंच विसरली होती.

तिने झाकण लावलं. थोड्या वेळाने पुन्हा उघडून पाहिलं. चटणीच्या वासाबरोबर आता आई येत होती खरी, दर वेळी न चुकता येत होती. पण ती तिची नव्हती.